चष्म्यावर धुकं आलं, तर चष्मा काढू नका

थंडीचे दिवस आहेत, चूल किंवा गॅस पेटवून चहा ठेवला असेल, तर रेडिओ जवळ घ्या. आज आपण चष्म्याबद्दल बोलणार आहोत. विषय छोटा वाटेल, पण आम्हाला तो का घ्यावासा वाटला, ते आधी सांगतो.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या आधी आमच्या गटाला ऐंशी माणसांच्या जेवणाची ऑर्डर होती. आमचा नाशिक जिल्हा, त्यात निफाडच्या बाजूची थंडी. पहाटे पाचला बाहेर बोटं वाकत नव्हती. गटातल्या एक काकू अंगणातून पाण्याची कळशी घेऊन आत आल्या आणि भात झाला का बघायला पातेल्यावर वाकल्या. झाकण उचललं आणि चष्मा पांढराफटक झाला. त्यांनी तो काढून कमरेला खोचला. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचंही धड दिसत नाही. फडकं समजून हात घातला तो थेट पातेल्याच्या काठावर. चार बोटं भाजली. आम्ही लगेच त्यांचा हात नळाच्या साध्या पाण्याखाली धरला, चांगला वीस मिनिटं. टूथपेस्ट लावू दिली नाही. फोड आले, पण हात वाचला.

नंतर विचारलं तेव्हा कळलं, की थंडीत सकाळी काकू चष्मा घालतच नाहीत. "धुकंच येतं, मग घालून उपयोग काय?" आणि असं म्हणणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. आमच्या गटात आणखी तिघी निघाल्या. एक तर हिशोबाची वही लिहिणारी, तिला जवळचा नंबर. म्हणून आजचं हे बोलणं.

आधी हे धुकं येतं कुठून, ते बघू. फ्रीजमधलं गार पाणी तांब्यात घेतलं, की थोड्या वेळानं तांब्याला बाहेरून पाणी सुटतं. तांब्या काही गळत नाही. हवेत जी वाफ असते, ती गार तांब्याला लागून तिचं पाणी होतं. पहाटे हरभऱ्याच्या पानांवर दव पडतं, तेही असंच. चष्म्याची काच बाहेरच्या थंडीत गार झालेली असते. आत स्वयंपाकघरात हवा गरम आणि ओलसर. तुम्ही आत आलात, की त्या वाफेचे बारीक बारीक थेंब काचेवर बसतात. आपला श्वासही गरम आणि दमट असतो. नाकातोंडावरून स्कार्फ किंवा मफलर घट्ट बांधला, की श्वासाला पुढे वाट राहत नाही. मग तो वर चढतो आणि थेट काचेवर जातो. म्हणजे गार काच आणि दमट हवा एकत्र आली की धुकं येणार. यातलं एक तरी टाळायचं.

काच गार होऊ द्यायची नाही, हे पहिलं. रात्री चष्मा खिडकीत किंवा ओट्यावर ठेवू नका. डबीत घालून उशाशी ठेवा. बाहेरून आत आलात, की एक-दोन मिनिटं दारापाशी थांबा. काच घराइतकी गरम झाली, की धुकं आपोआप जातं. तेवढ्या वेळात चुलीपाशी जायचं नाही, की विळीला हात लावायचा नाही.

दुसरं, वाफ तोंडावर घ्यायची नाही. पातेल्याचं झाकण उघडताना त्याची आपल्या बाजूची कड खाली ठेवा आणि पलीकडची कड आधी उचला. वाफ पलीकडे जाते. चष्मा वाचतो, तोंडही वाचतं. स्वयंपाकघराची खिडकी थोडी तरी उघडी ठेवा. धूर आणि वाफ दोन्ही बाहेर जातील.

तिसरं, श्वासाला खालची वाट द्या. स्कार्फ नाकावर बांधायचाच असेल, तर त्याची वरची कड नाकाच्या हाडावर नीट बसवा आणि चष्मा त्या कडेवर टेकवा. खालून स्कार्फ सैल सोडा. मास्क असेल तर त्याची तार नाकावर चिमटून बसवा. चष्मा गालाला टेकत असेल, तर काचेमागे हवा खेळत नाही. चष्म्याच्या दुकानात नाकावरच्या पॅड जराशा सरकवून घ्या. दोन मिनिटांचं काम असतं.

चौथा उपाय साबणाचा. 2011 साली इंग्लंडमधल्या शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात हाच उपाय छापून आला होता, ऑपरेशन करताना मास्कमुळे डॉक्टरांच्या चष्म्यावर धुकं येतं त्यासाठी. आधी साध्या पाण्याखाली काच धरून धूळ जाऊ द्या. मग बोटांवर साध्या साबणाचा थोडा फेस घ्या आणि काचेला दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं लावा. जास्तीचं पाणी झटका आणि चष्मा तसाच वाळू द्या. डाग राहिलेच, तर स्वच्छ मऊ सुती कापडानं अलगद टिपा. साबणाचा अगदी पातळ थर काचेवर राहतो. त्यामुळे पाण्याचे थेंब न होता ते सपाट पसरतं आणि आरपार दिसतं. हा थर टिकाऊ नसतो, म्हणून थंडीत रोज सकाळी लावा. काचेवर खास कोटिंग असेल, तर आधी दुकानदाराला विचारून घ्या.

आता काय करायचं नाही. पदरानं काच पुसायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, आम्हालाही होती. पदराला पिठाची, मातीची, चुलीच्या राखेची बारीक कण लागलेली असते. कोरड्या काचेवर ती घासली, की ओरखडे पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. राख, टूथपेस्ट, कपड्याची पावडर, कढत पाणी यातलं काहीही काचेला लावू नका.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. काच स्वच्छ आहे, धुकं नाही, तरी पांढुरकं दिसतं का? चष्मा काढूनही तसंच दिसतं का? दिव्याभोवती कडं दिसतं का? मग ते धुकं काचेवरचं नाही, डोळ्यातलं आहे. मोतीबिंदू असू शकतो. काचबिंदूही असू शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. डोळा दुखून लाल झाला आणि अचानक कमी दिसायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवीही "वय झालं" म्हणून गप्प बसू नका. आशाताईंना विचारा, ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं.

आमच्या काकूंचा हात बरा झाला. आता त्या पहाटे आल्या, की दारात उभ्या राहतात आणि म्हणतात, "थांबा गं, माझी काच तापू द्या." आम्ही हसतो, पण थांबतो. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांचे चष्मे एकदा साबणानं धुऊन बघा, आणि थंडीत चष्मा काढून कोण काम करतं, तेही विचारा.