नर्सरीच्या लेकरासाठी सॉफ्टवेअर घेताय? पैसे भरण्याआधी हे तपासा

बालाघाट : शाळेचं नवं सत्र लागलं की वारासिवनी, कटंगी, लांजीपासून शहरापर्यंत आई-वडील एकच विचारतात : लहान लेकराला मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर शिकायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? जाहिराती भरपूर आहेत. पण आपल्या सीमाभागात पहिला मुद्दा किमतीचा नाही, भाषेचा आहे.

भाषा आधी ऐका

आपल्याकडे अनेक घरांत मराठी, रस्त्यावर हिंदी आणि नर्सरीत इंग्रजी. हिंदी वर्णमालेवर बनलेल्या ॲपमध्ये 'ळ' सहसा मिळत नाही. मग बाळ, शाळा, फळा कसं लिहायचं? आजी म्हणते केळं, स्क्रीन म्हणते केला. लेकरू दोन्ही शब्द शिकेल, त्यात वाईट काही नाही. पण घरच्या शब्दावर लाल फुली पडली, तर आजी चुकीचं बोलते असं त्याला वाटणार. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच सांगतं. म्हणून रंग, आकार, जोड्या लावणे कोणत्याही भाषेत चालेल. अक्षरं आणि गोष्टी मात्र घरच्या भाषेत घ्या.

फुकट काय मिळतं?

'जीकॉम्प्री' हे दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचं मोफत सॉफ्टवेअर २००० पासून आहे. शंभराहून जास्त खेळ, जाहिरात नाही, आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. चित्र काढायला 'टक्स पेंट' आहे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी मोफत आहेत. एकदा डाउनलोड केल्या की नेट नसलं तरी वाचता येतात. गावात नेटवर्क जातं, तिथे हे फार कामाचं.

हिशोब नीट करा

आमच्याच घरी भाचीसाठी सात दिवसांचं फुकट ट्रायल घेतलं. आठव्या दिवशी पूर्ण वर्षाचे पैसे कटले. चूक आमचीही होती, ऑटोपे चालू ठेवलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कटण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज वाचत चला. ट्रायल घेतल्याच दिवशी यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे यादीत जाऊन ते बंद करा. '₹ १९९ महिना' कमी वाटतं, पण वर्षाचे ₹ २,३८८ होतात. तेवढ्यात किती चित्रांची पुस्तकं येतील, तेही मोजा.

वेळ किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे : दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, त्याहून कमी असेल तर आणखी चांगलं. एनसीईआरटीने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला. त्यातही खेळणी, बाहुल्या, कोडी आहेत. म्हणजे स्क्रीन हे एक साधन, सगळं शिक्षण नव्हे.

घरची परीक्षा

पैसे भरण्याआधी दहा मिनिटं लेकराजवळ बसा. मध्ये जाहिरात येते का? खेळायला फोन नंबर, लोकेशन मागतं का? चुकलं तर पुन्हा करू देतं, की नुसता भोंगा वाजवतं? मग मोबाईल बंद करा. संध्याकाळी जेवायला बसताना लेकराने ताटं मोजली, केळ्याला पिवळं म्हटलं, तर सॉफ्टवेअर कामाचं. नुसतं "अजून पाहिजे" म्हणून रडलं, तर पैसे खिशातच ठेवा.