दारू सुटल्यानंतरची तलफ

दारू बंद केल्यावरचा पहिला आठवडा शरीराचा असतो. मेंदूला शांत करणारी गाबा यंत्रणा दारूमुळे जोर धरते आणि उत्तेजन देणारी ग्लुटामेट यंत्रणा दबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःला उलट दिशेने ताणून घेतो. दारू अचानक थांबली की दाब जातो, ताण मात्र राहतो. मग हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात. हे जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याला घरात कोंडून दारू सोडवू नये, दवाखान्यातच न्यावे.

आठ-दहा दिवसांत हे बहुधा निवळते आणि घरच्यांना हायसे वाटते. अवघड भाग पुढेच असतो. महिना-दोन महिन्यांनी माणूस पुन्हा पितो, तेव्हा ‘याच्यात निर्धारच नाही’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो.

का, ते मेंदूत दिसते. मध्यमेंदूतल्या काही पेशी डोपामिन हे रसायन सोडतात. त्याला सरसकट आनंदाचे रसायन म्हणतात, ते अपुरे आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. सुरुवातीला फळांचा रस मिळाला की या पेशी चेतत. रसाआधी खूण मिळते हे माकड शिकले, तेव्हा पेशी त्या खुणेलाच चेतू लागल्या. अपेक्षित रसाला नाही.

माणसाच्या मेंदूलाही अशा खुणा असतात. प्रकाशा हे शहादा तालुक्यातले, तापी-गोमाईच्या संगमावरचे गाव. या तालुक्यात मोहाची दारू जुनी. इथल्या पिणाऱ्याच्या खुणा कोणत्या? हातात पडलेली मजुरी, बाजाराचा दिवस, मोहाचा आंबूस वास, सोबत्याची हाक, गुत्त्याकडे वळणारी वाट. माणूस ठरवण्याआधी मेंदू ठरवू लागतो. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ साली मांडले की ‘हवे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या मेंदूतल्या वेगळ्या गोष्टी आहेत; व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी वाढतेच असे नाही. ‘आता मजा येत नाही रे’ म्हणणारा माणूसही म्हणूनच पितो, आणि तो खोटे बोलत नसतो.

ही ओढ थांबवणारा मेंदूचा भाग कपाळामागे आहे. दीर्घ व्यसनात तो दुबळा होतो, आणि भांडण, कर्ज, उपास, जागरण यांच्या ताणात आणखी ढिला पडतो. एक घोटही सगळी साखळी जागी करतो.

काळ गेला की तलफ आपोआप विरते, हेही खरे नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोकेन बंद केलेल्या उंदरांची खुणेला मिळणारी प्रतिक्रिया पुढचे काही आठवडे वाढतच गेली. शिवाय नवी सवय जुनी आठवण पुसत नाही, तिच्यावर झाकण घालते. आणि ते झाकण ज्या जागेत घातले तिथेच पक्के बसते. व्यसनमुक्ती केंद्रात निर्धास्त राहिलेला माणूस गावच्या वाटेवर डळमळतो तो यामुळे.

इथे मला १९७०च्या दशकातल्या शहाद्याच्या बाया आठवतात. श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या आदिवासी स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. मारहाण आणि उपासमार थांबवणे हा त्यांचा हेतू होता. पण मेंदूच्या अंगाने पाहिले, तर नवऱ्याला नुसता उपदेश करत न बसता त्यांनी वाटेवरची खूणच हटवली. हे उपचाराइतकेच मोलाचे काम होते.

आज घरच्यांनाही असेच काही करता येते. मजुरी काही महिने दुसऱ्याने आणावी, बाजाराला सोबत जावे, गुत्त्याची वाट टाळावी, उपाशी ठेवू नये. तलफेची लाट बहुधा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ कुणीतरी जवळ असावे. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे आहेत, ती यकृत तपासून डॉक्टर देतात. आणि एखादे दिवशी प्यालाच, तर शिव्या देण्याआधी दुसऱ्याच दिवशी त्याला पुन्हा दवाखान्यात न्यावे.