पलंगाखालची बॅटरी

खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकून साताऱ्याच्या दिशेने निघाले की महामार्गालगत वरवे बुद्रुक लागते. राजगड-तोरणा, भाटघरचे पाणी, पुढे महाबळेश्वर, असा सुट्टीचा सगळा ओघ या रस्त्याने जातो आणि त्यात आता अधूनमधून एखादी कॅरॅव्हॅनही असते. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तयार गाडी महाग पडते म्हणून जुनी व्हॅन घेऊन आतली बांधणी गॅरेजात करून घेणारेही आहेत. पलंग कुठे, ओटा कुठे, यावर महिनाभर चर्चा होते. पलंगाखालच्या बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत कोणती वायर जाणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. त्याच पलंगावर रात्री मुले झोपणार असतात.

‘बारा व्होल्टने कुठे शॉक बसतो?’ असे हमखास म्हटले जाते. ते खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. कोरडी त्वचा एवढ्या कमी दाबाला दाद देत नाही. पण भाजायला वीज शरीरातून जावी लागत नाही, धातूतून गेली तरी पुरते. नट आवळताना बोटातली अंगठी बॅटरीचे धन टोक आणि पान्हा यांच्यामध्ये सापडली आणि पान्ह्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला टेकले, तर अंगठी क्षणात लालबुंद होते. बोट सभोवार, खोलवर भाजते. वैद्यकीय साहित्यात अशा जखमांची नोंद आहे. बॅटरीला हात लावण्यापूर्वी अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे, ते यासाठी.

मोठा धोका मात्र आगीचा आणि तो साध्या गुणाकारात लपलेला आहे. 1,000 वॅटची छोटी शेगडी घरच्या 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरसुद्धा घेत नाही. तीच शेगडी इन्व्हर्टरमार्फत 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवली तर बॅटरीच्या वायरमधून सुमारे 100 अँपिअर वाहतात. बॅटरी उतरत आली की 110 च्याही वर. आता बॅटरी आणि इन्व्हर्टर यांत दोन मीटर अंतर आहे, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर वायर. घरगुती कामातली उरलेली सहा स्क्वेअर एमएमची वायर तिथे जोडली, तर 100 अँपिअरला तिच्यात सुमारे 115 वॅट उष्णता तयार होते. जुन्या शंभराच्या पिवळ्या बल्बला हात लावून पाहिलेल्यांना याचा अंदाज येईल. शिवाय वाटेत एक व्होल्टहून अधिक दाब गळतो, इन्व्हर्टर ‘बॅटरी लो’ म्हणून ओरडतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला मिळतो. 50 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली तर हीच उष्णता 14 वॅटवर येते. बॅटरी-संच 24 व्होल्टचा केला तर प्रवाह निम्मा होतो आणि त्याच केबलमधली उष्णता चौथाईवर येते.

फ्यूज इन्व्हर्टर वाचवण्यासाठी असतो, हा सार्वत्रिक गैरसमज. तो केबल वाचवतो. वरच्या उदाहरणात 110 अँपिअरवर पाव भाग वाढवला की 140 च्या आसपास आकडा येतो. बाजारात त्यापुढचा 150 चा फ्यूज मिळतो, तो घ्यावा आणि केबल 150 हून अधिक पेलणारी असावी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसवणे म्हणजे ताप दिसतो म्हणून थर्मामीटर फोडणे.

त्याची जागा बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवी. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या तुकड्याला कोणतेही संरक्षण नसते. वरंधा घाटासारख्या रस्त्यावर गाडी तासन् तास हादरते, पत्र्याच्या कडेवर केबल घासत राहते आणि एक दिवस आवरण फाटते. तिथे शॉर्टसर्किट झाले तर बॅटरी हजारो अँपिअर ओतते. घरातला साधा एमसीबी इथे चालत नाही. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. म्हणून डीसीसाठीचाच फ्यूज घ्यावा, लिथियम बॅटरीला क्लास टी. इन्व्हर्टरच्या पुढची बाजू पुन्हा 230 व्होल्टची असते आणि तो शॉक जिवावर बेततो. तिथे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा.

हे सगळे जोडून झाल्यावर अर्धा तास पूर्ण भार द्यावा, मग तो बंद करून प्रत्येक जोडाला हात लावून पाहावा. केबल जाड असूनही लग सैल दाबलेला असेल तर तोच तापतो.

तरीही भाजलेच तर अंगठी-बांगडी सूज येण्याआधी काढावी आणि भाग 20 मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, बर्फ नको. बॅटरीतले आम्ल डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या ठेवून लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि दवाखान्यात जाईपर्यंत धुणे थांबवू नये. वायरच्या प्लॅस्टिकचा धूर बंद गाडीत छातीत गेला असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा नाकात काजळी दिसत असेल, तर माणूस बोलता-चालता असला तरी त्याला तडक रुग्णालयात न्यावे. घशाची सूज काही तासांनी वाढते.