शर्यतीतली वेळ कमी करायची आहे? मग आधी हळू धावायला शिका

पावसाळा निम्मा सरला की मलकापूरच्या माझ्या दवाखान्यात धावणाऱ्यांची ये-जा वाढते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन जवळ आलेली असते. कोणाची नडगी दुखत असते, कोणाची टाच सकाळी जमिनीवर टेकवत नाही, तर कोणाला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येत असते. बहुतेक जण तिशी ते पन्नाशीतले. शिक्षक, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, गृहिणी. "डॉक्टर, काहीही करा, पण शर्यत चुकायला नको," हे वाक्य ठरलेलं. आणि मी "रोज कसं धावता?" असं विचारलं की उत्तरही बहुधा ठरलेलं असतं: "रोज जमेल तेवढं जोरात. कालच्यापेक्षा आज थोडं जास्त."

या लेखातला मुख्य मुद्दा याच उत्तराबद्दल आहे. रोज जोरात धावल्याने वेळ सुधारत नाही, दुखापत मात्र लवकर होते. वेळ सुधारायची असेल तर आठवड्यातलं बहुतेक धावणं हळू हवं. आणि काही लक्षणं अशी आहेत की ती दिसल्यावर वेळेचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं असतं.

हळू धावून वेग कसा वाढतो?

धावताना स्नायूंना सतत प्राणवायू लागतो. तो पोहोचवायचं काम हृदय आणि रक्तवाहिन्या करतात, आणि पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया ही सूक्ष्म ऊर्जाकेंद्रं तो वापरून ऊर्जा तयार करतात. आठवडेच्या आठवडे आरामात, पण नियमित धावलं की तीन बदल होतात:

- हृदय एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकू लागतं. त्यामुळे त्याच वेगाला नाडी कमी पडते.
- स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं.
- ऊर्जाकेंद्रांची संख्या वाढते आणि शरीर इंधन म्हणून चरबी जास्त वापरायला शिकतं. साखरेचा साठा शेवटच्या टप्प्यासाठी शिल्लक राहतो.

हे बदल हळू धावूनही होतात, आणि हळू धावल्याचा थकवा दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरतो. जोरात धावल्याचा थकवा दोन-तीन दिवस अंगात राहतो. म्हणून रोज जोरात धावणारा माणूस कायम अर्धवट थकलेला असतो. त्याचा हळू दिवस पुरेसा हळू नसतो आणि जोराचा दिवस पुरेसा जोराचा होत नाही.

स्टीफन सायलर या संशोधकाने जागतिक दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या सरावाच्या दर पाच सत्रांपैकी साधारण चार सत्रं हलकी होती. ज्यांचं पोट खेळावर चालतं ते असं करतात, तर नोकरी, घर आणि अपुरी झोप सांभाळून धावणाऱ्या आपल्यासारख्यांनी रोज जिवावर उदार होण्याचं कारण नाही.

'हळू' म्हणजे नेमकं किती?

महागडं घड्याळ नसलं तरी चालेल. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. एकटे धावत असाल तर एखादा श्लोक किंवा गाण्याचं कडवं मोठ्याने म्हणून पाहा.

आकड्यात सांगायचं तर, २१ किलोमीटर तुम्ही २ तास १५ मिनिटांत पूर्ण करत असाल, तर शर्यतीतला तुमचा वेग किलोमीटरला सुमारे ६ मिनिटे २४ सेकंद होतो. तुमचं रोजचं हलकं धावणं किलोमीटरला सव्वासात ते पावणेआठ मिनिटांच्या आसपास असावं. सुरुवातीला लाज वाटते, लोक मागून पुढे जातात. जाऊ द्या. मे महिन्याच्या उकाड्यात किंवा चढावर यापेक्षाही हळू व्हावं लागेल, कारण अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला जादा काम करावं लागतं.

एक साधा आठवडा

हे वेळापत्रक सध्या आठवड्याला २५ ते ३० किलोमीटर आरामात धावणाऱ्या निरोगी व्यक्तीसाठी आहे. नवख्यांनी आधी चालणं-धावणं मिळून अर्ध्या तासाची सवय करावी.

- सोमवार: विश्रांती
- मंगळवार: ६ किलोमीटर, बोलता येईल असं
- बुधवार: २० मिनिटे ताकदीचे व्यायाम (उठाबशा, एका पायावर पोटरीचे उचल, पायरी चढ-उतार)
- गुरुवार: जोराचा दिवस. १५ मिनिटे हलकं धावून मग २ मिनिटे जोरात चढ आणि चालत किंवा हलकं धावत खाली, असं सहा वेळा
- शुक्रवार: विश्रांती
- शनिवार: ५ ते ६ किलोमीटर हलकं
- रविवार: लांब धाव, १० ते १४ किलोमीटर, बोलता येईल अशी

लांब धाव एकदम वाढवू नका. गेल्या महिन्यातली सर्वांत लांब धाव १० किलोमीटरची असेल तर या रविवारी ११ पुरे. "मित्र १६ करणार होते म्हणून मीही गेलो," ही दुखापतीची सर्वांत जास्त ऐकू येणारी सुरुवात आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडं आणि स्नायूबंध मजबूत व्हायला महिने लागतात. दम लागत नाही म्हणून पाय तयार आहेत असं समजू नका. दर चौथ्या आठवड्याला अंतर थोडं कमी करा.

साताऱ्याची शर्यत वेगळी का आहे?

२०१२ साली सुरू झालेली ही शर्यत शहरातून यवतेश्वरच्या घाटाने वर जाते आणि त्याच रस्त्याने परत येते. साधारण निम्मं अंतर चढ आणि निम्मं उतार. बहुतेक जण चढाची तयारी करतात आणि उताराची विसरतात. खरा घात उतार करतो.

उतारावर मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलून वेग आवरत असतात. या प्रकारच्या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणूनच जिना उतरताना पाय गळून पडणं हा प्रकार शर्यतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लवकर शिकतात. उताराचा थोडासा सराव केला तरी पुढचे काही आठवडे तेवढा त्रास होत नाही. आगाशिवच्या बाजूला किंवा ढेबेवाडी रस्त्याला सराव करणाऱ्यांनी शर्यतीच्या आधीच्या दोन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी एक हलका उतार सरावात घ्यावा. पावलं लहान आणि भरभर टाकावीत. शेवटचा उतार शर्यतीच्या किमान दहा दिवस आधी.

आणि घाटातल्या शर्यतीची वेळ सपाट रस्त्यावरच्या वेळेशी ताडून पाहू नका.

सुधारणेला किती वेळ लागतो?

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१४ च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ९ मिनिटे ३५ सेकंदांची वेळ देऊन कांस्यपदक मिळवलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत त्यांची वेळ होती ९ मिनिटे १९ सेकंद. म्हणजे पूर्णवेळ प्रशिक्षण घेणाऱ्या खेळाडूलाही १६ सेकंद कमी करायला दोन वर्षं लागली, आणि त्याआधी लांब पल्ल्याच्या धावण्याची अनेक वर्षं पायांत होती.

नवख्या धावपटूची वेळ पहिल्या वर्षी भराभर उतरते, नंतर वेग मंदावतो. तो शरीराचा स्वभाव आहे, तुमचा आळस नव्हे. मी स्वतः २ तास ४१ मिनिटांवरून २ तास २४ मिनिटांवर यायला तीन पावसाळे घेतले. त्यातला एक पूर्ण वाया गेला, कारण टाच दुखत असताना वेदनाशामक गोळी घेऊन धावलो. पेशंटला जे करू नका म्हणतो तेच केलं आणि चार महिने घरी बसलो.

सराव नीट आहे, तरी वेळ वाढतेय?

अशा वेळी सराव आणखी कडक करण्याआधी रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन महिलांमध्ये १२ च्या आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली असेल तर स्नायूंना पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही. लवकर दम लागतो, चढावर पाय जड होतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, कमी असू शकतो. थायरॉइड आणि साखरही पाहावी.

धावणाऱ्या स्त्रीची मासिक पाळी अनियमित झाली किंवा बंद पडली, तर "व्यायामामुळे होतं" असं म्हणून सोडू नका. गरोदरपण नसेल, तर खाणं खर्चाला पुरत नाही याची ती खूण असू शकते. अशा वेळी हाडं ठिसूळ होतात आणि त्यांना बारीक तडा जाण्याचा धोका वाढतो.

कोणती दुखणी चालतील, कोणती नाहीत?

दोन्ही पायांत सारखी असलेली, दोन-तीन दिवसांत उतरणारी स्नायूंची दुखणी चालतात. पुढील गोष्टी असतील तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा:

- नडगीवर किंवा पावलावर एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखणं
- रात्री झोपेतही दुखणं, किंवा त्या पायावर उडी मारता न येणं
- लंगडत धावावं लागणं
- सांधा सुजणं

पहिल्या तीन लक्षणांत हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर पुन्हा धावू नका.

छातीशी संबंधित लक्षणं: इथे तडजोड नाही

धावणं हृदयासाठी चांगलंच आहे, पण आधीपासून असलेला दोष जोरात धावताना उघड होऊ शकतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात ५९ जणांचं हृदय शर्यतीत बंद पडलं, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांत एकाचं. धोका लहान आहे. पण त्या ५९ पैकी ४२ जण दगावले, बहुतेक पुरुष होते आणि अनेक घटना शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात घडल्या. तोच तो टप्पा, जिथे आपण घड्याळाकडे पाहून जीव काढून पळतो.

धावताना छातीत दाब किंवा जळजळ, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, शुद्ध हरपणं, नेहमीच्या वेगाला अचानक फार दम लागणं किंवा धडधड अनियमित होणं, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी तपासून घ्या. "ॲसिडिटी असेल" हे निदान रस्त्यावर करू नका.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूची सवय असलेल्यांनी, आणि घरात कोणी कमी वयात अचानक दगावलं असेल अशांनी जोराचा सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटून ईसीजी आणि गरजेनुसार इको किंवा स्ट्रेस टेस्ट करावी. रिपोर्ट नॉर्मल असला तरी वरची लक्षणं दुर्लक्षू नयेत. ताप असताना किंवा तापानंतर अशक्तपणा असताना तर अजिबात धावू नका.

घरच्यांसाठी: शर्यत पाहायला जाताना एवढं शिकून जा. कोणी कोसळलं, हलवूनही प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर मदतीला हाक मारा, १०८ ला फोन करायला सांगा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोरात, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. अमेरिकेतल्याच पुढच्या अभ्यासात, २०१० ते २०२३ या काळात, हृदय बंद पडण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, पण मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्यात जागच्या जागी तत्काळ मिळालेल्या मदतीचा वाटा मोठा मानला जातो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेऊ का?*
नको. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय दुखणं झाकलं जातं आणि दुखापत वाढते.

*जितकं पाणी प्यावं तितकं चांगलं ना?*
नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं आढळलं, आणि शर्यतीत वजन वाढण्याइतकं पाणी पिणं हे त्याचं महत्त्वाचं कारण होतं. तहान लागेल तसं प्या. शर्यतीनंतर डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळल्यासारखं वाटत असेल तर आणखी पाणी पाजत बसू नका, रुग्णालयात न्या.

*पन्नाशीत सुरुवात केली तर वेळ सुधारेल का?*
हो. फक्त विश्रांतीचे दिवस जास्त ठेवा आणि ताकदीचे व्यायाम चुकवू नका.

शेवटी

उद्यापासून एकच बदल करा: मंगळवार, शनिवार आणि रविवारचं धावणं गप्पा मारता येतील इतकं हळू करा. असे आठ ते दहा आठवडे गेले की तोच वेग कमी दमात जमतोय हे तुमच्या लक्षात येईल. शर्यतीच्या दिवशी पहिले तीन किलोमीटर स्वतःला आवरा. आणि वर सांगितलेलं एखादं लक्षण जाणवलं तर रस्त्याच्या कडेला थांबा. शर्यत पुढच्या वर्षीही असते.