मिरचीचे तेल : तत्त्व, कृती आणि साठवण

मिसळीच्या कटावर तरंगणारा तांबडा तवंग महाराष्ट्रीय वाचकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. मिरचीतील जी द्रव्ये पाण्यात उतरत नाहीत ती तेलात उतरतात, याचा तो प्रत्यक्ष पुरावाच होय. या गुणाचा उपयोग करून घरी मिरचीचे तेल सहज करता येते. त्यामागील तत्त्व, कृती आणि साठवणीतील एक गंभीर धोका यांचा प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे.

मिरचीचा तिखटपणा मुख्यतः कॅप्सेसिन या द्रव्यामुळे येतो. जॉन थ्रेश या इंग्रज संशोधकाने १८७६ साली ते स्फटिकरूपात वेगळे करून त्यास हे नाव दिले. ते बियांत असते ही समजूत बरोबर नाही. बिया ज्या पांढरट गाभ्यास चिकटलेल्या असतात त्यात ते तयार होते. तांबडा रंग मात्र सालीतील कॅप्सँथिनसारख्या रंगद्रव्यांचा असतो. म्हणूनच रंग आणि तिखटपणा यांचे प्रमाण सारखे असतेच असे नाही. बेडगी मिरची रंगाने गडद परंतु सौम्य असते, तर लवंगी मिरची आकाराने लहान असूनही अतिशय तिखट असते. ही दोन्ही द्रव्ये स्निग्ध पदार्थांत विरघळतात. तिखट लागल्यावर पाण्यापेक्षा दुधाने जिभेची आग लवकर शमते, त्याचे एक कारण हेच.

कृती साधी आहे. एक वाटी शेंगदाण्याचे तेल तापवून विस्तवावरून उतरवावे आणि थोडा वेळ निवू द्यावे. चिमूटभर तिखट टाकून पाहावे. ते हलकेच फेसाळले परंतु काळवंडले नाही, म्हणजे तेल योग्य झाले असे समजावे. मग दोन मोठे चमचे कोरडे, भरड तिखट घालून ढवळावे. हा फेस म्हणजे तिखटातील उरल्यासुरल्या पाण्याची वाफ होय. तेल फार तापलेले असल्यास तिखट करपून कडवट होते व ठसका उठतो. फार निवालेले असल्यास रंग व स्वाद मंदपणे उतरतात. एक रात्र मुरू देऊन ते गाळावे व कोरड्या बाटलीत भरावे. बेडगी व लवंगी यांचे मिश्रण घेतल्यास रंग व तिखटपणा दोन्ही साधतात. हे तेल पोह्यांवर, वरणभातावर किंवा भाकरीबरोबर वरून घ्यावयाचे असते; तळणासाठी ते वापरू नये, कारण त्यातील रंग व स्वाद उष्णतेने नष्ट होतात.

आता धोक्याविषयी. अनेक घरांत या तेलात कच्ची लसूण किंवा हिरवी मिरची घालून ते दिवसेंदिवस फडताळात ठेवले जाते. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जंतूची बीजुके मातीत असतात व लसणीबरोबर येऊ शकतात. उकळत्या पाण्याच्या तपमानासही ती टिकतात. लसणीतील ओलावा, कमी आम्लता आणि तेलाखालील निर्वात स्थिती यांमुळे ती रुजून प्राणघातक विष निर्माण करतात. तेलाचा वास किंवा चव बिघडेलच असे नाही. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलातील चिरलेल्या लसणीमुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली होती.

मग लोणचे तेलाखाली राहूनही का टिकते, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. कैरी व लिंबू यांची आम्लता आणि भरपूर मीठ हे त्याचे कारण होय. तेलाचे कार्य केवळ बुरशीस हवा मिळू न देण्याचे असते. तेल हे स्वतः जंतुनाशक नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

सारांश, साठवणीच्या तेलात पूर्ण वाळलेली मिरचीच घालावी. लसूण हवी असल्यास ती वाढतेवेळी घालावी. लसूण घातलेले तेल उरल्यास ते शीतकपाटात ठेवून चार दिवसांत संपवावे, अन्यथा टाकून द्यावे.