राखणदार कुत्र्याला धाप लागली तर

अंगणात किंवा शेताच्या बांधावर राखण करणारा कुत्रा खोकू लागला, की आपण चटकन म्हणतो, "याला दमा झालाय." मग कोणी त्याला हळद-गूळ चारतो, कोणी आजोबांच्या दम्याची अर्धी गोळी भाकरीत घालून देतो, तर कोणी "म्हातारा झाला, चालायचेच" म्हणून सोडून देतो. यांपैकी कशानेही कुत्र्याचे दुखणे हटत नाही. आणि एका प्रसंगी तर घरातल्या माणसांच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून शेतकरी बंधुभगिनींनो, ही धाप नीट ओळखायला शिकले पाहिजे.

दमा म्हणजे नेमके काय?

माणसाला किंवा मांजराला होतो तसा, श्वासनळ्या एकाएकी आवळून धरणारा दमा कुत्र्यात क्वचितच आढळतो. कुत्र्याच्या बाबतीत आपण ज्याला दमा म्हणतो तो बहुधा श्वासनळ्यांचा जुनाट दाह असतो. नळ्यांचे आतले अस्तर सुजते, कफ साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. खोकला कोरडा, ठसक्याचा असतो. शेवटी उबळ येऊन पांढरा फेस पडतो, त्यामुळे कुत्रा ओकतो आहे असे वाटते. दोन महिने किंवा अधिक काळ जवळजवळ रोज असा खोकला येत असेल, तर या रोगाची शंका घ्यावी.

परंतु खोकल्याची कारणे इतरही आहेत. चार कुत्री एकत्र आल्यावर काही दिवसांतच भुंकल्यासारखा मोठा खोकला सुरू झाला, तर तो बहुधा संसर्गाचा असतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत श्वासनलिका ढिली पडून चपटी होते; पट्टा ओढला की खोकला येतो. म्हाताऱ्या कुत्र्याला रात्री खोकला येऊन तो लवकर थकत असेल, किंवा चक्कर येऊन पडत असेल, तर दुखणे हृदयाचे असू शकते. डासांमार्फत शिरणारे हृदयातले जंतही खोकला आणतात. छाती तपासल्याशिवाय व गरज पडल्यास एक्स-रे काढल्याशिवाय हा भेद डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

श्वास मोजा

उन्हात धावून आलेला कुत्रा जीभ काढून धापा टाकतो, तो रोग नव्हे. अंग थंड करण्याची ती त्याची रीत आहे. खरी परीक्षा तो शांत झोपलेला असताना होते. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. निरोगी कुत्र्याचे श्वास साधारण 15 ते 30 भरतात. झोपेतही आकडा वारंवार 30 च्या वर जात असेल, तर त्याला दवाखान्यात दाखवा.

हिरड्या निळसर किंवा फिकट पडणे, मान लांब करून कोपरे बाहेर काढून बसणे, श्वासाबरोबर पोट आत ओढले जाणे, आडवे होता न येणे, या खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका. फवारणीच्या दिवसांत धापेबरोबर लाळ, थरथर आणि बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या, तर कीटकनाशकाची विषबाधा समजा. औषधाचा डबा बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जा.

तोंडात हात घालू नका

हा इशारा सर्वांत महत्त्वाचा. कुत्रा ठसकतो, लाळ गाळतो, त्याला गिळता येत नाही, म्हणून "घशात हाड अडकले" असे समजून माणसे त्याच्या तोंडात हात घालतात. पिसाळलेल्या कुत्र्याची लक्षणेही अशीच दिसू शकतात. जबडा लोंबत असेल, भुंकण्याचा आवाज बदलला असेल, एरवी गरीब असलेला कुत्रा अंगावर येत असेल किंवा अंधारात दडत असेल, तर त्याला कोंडून ठेवा, मुलांना दूर करा आणि डॉक्टरांना बोलवा. चावा लागला, ओरखडा उठला किंवा जखमेवर लाळ पडली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की तो बहुधा वाचत नाही. म्हणून कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी लस टोचून घ्यावी.

घरी काय करावे?

गॅस आला तरी अनेक घरांत पाणी तापवायची न्हाणीची चूल अजून पेटते, आणि नाताळच्या थंडीत कुत्रा नेमका तिच्याजवळ, राखेत झोपतो. त्याची जागा तेथून हलवा. मळणी चालू असताना त्याला खळ्यापासून दूर बांधा. बुरशी आलेला कडबा किंवा भुसा त्याच्या अंथरुणाला वापरू नका. धुता येईल असे जुने पोते घाला. निपाणीकडे तंबाखूची भुकटी आणि गुऱ्हाळांच्या भागात चुलाणाचा धूर, यांपासूनही त्याला जपले पाहिजे. घरात विडी ओढणाऱ्यांनी निदान अंगणात जावे. लठ्ठ कुत्र्याचे वजन हळूहळू उतरवा, कारण चरबीने श्वास अधिकच कोंडतो. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा बांधा. फिरणे बंद करू नका, मात्र ऊन चढायच्या आत फिरवून आणा.

औषधाविषयी

जुनाट दाहावर डॉक्टर बहुधा सूज उतरवणारी स्टिरॉइडची गोळी देतात, कधी नळ्या सैल करणारे औषधही देतात. स्टिरॉइडने तहान, भूक आणि लघवी वाढते. त्याला घाबरू नका. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून ती एकदम थांबवू नका. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. काही कुत्र्यांना मुखवटा लावलेल्या नळीतून पंपाचे औषधही देतात. हा रोग मुळासकट जात नाही, पण आवरता येतो.

माणसांची औषधे मात्र मनाने देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याचे पोट व मूत्रपिंडे बिघडतात. आजोबांचा दम्याचा पंपही उंचावर ठेवा. कुत्र्याने तो चावून फोडला तर औषध एकदम अंगात जाऊन हृदय वेगाने धडधडते, आणि तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

डॉक्टरांकडे जाताना खोकला कधीपासून आहे, रात्री येतो की दिवसा, आणि झोपेतले श्वास किती, एवढे एका कागदावर लिहून न्या. कुत्र्याला आपले दुखणे सांगता येत नाही. ते पाहून ठेवणे आणि सांगणे आपल्याकडेच आहे.