सीमाभागातील कथाकाराची भाषा

बिदर-भालकीकडील होतकरू कथाकार आपले लेखन आम्हांस दाखवितात, तेव्हा एक उणीव वारंवार आढळते : पात्रे भालकीची, बोलणे पुण्याचे. १९४८ पर्यंत येथील निजामी कारभार उर्दूत चाले; १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेला; शेजार तर पूर्वापार कानडीच. साहजिकच तिन्ही भाषांचे शब्द येथील बोलीत मिसळले. लेखक ते अशुद्ध समजून खोडतो आणि त्यांबरोबर माणूसही खोडला जातो. निवेदन प्रमाण मराठीत असावे. संवाद मात्र बाजारात, कचेरीत कानांवर येतील तसे वहीत टिपावेत. त्यासाठी नोकरी सोडण्याचे कारण नाही. परभणीचे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांनी सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी करीतच कथा-कादंबऱ्या लिहिल्या.